सूर्यास्तानंतरची वीज आणि तिचे मोल

५ एप्रिल २०२० हा रविवारचा दिवस होता. साथीच्या भयाने सारा देश घरात बसून होता. त्या रात्री नऊ वाजता घरातील दिवे नऊ मिनिटे मालवावेत आणि पणत्या किंवा मेणबत्त्या लावाव्यात, असे आवाहन पंतप्रधानांनी केले होते. दिवा मालविणे ही घरातील माणसाच्या दृष्टीने एका बटणाची गोष्ट होय. परंतु देशभर पसरलेल्या वीजजाळ्यावर रात्रंदिवस लक्ष ठेवणाऱ्या भार प्रेषण केंद्रांतील अभियंत्यांना त्या नऊ मिनिटांची तयारी आदल्या दोन दिवसांपासून करावी लागली.

पावणेनऊच्या सुमारास देशाची विजेची मागणी सुमारे १,१७,००० मेगावॉट होती. नऊ वाजून दहा मिनिटांनी ती सुमारे ८६,००० मेगावॉटांवर उतरली. सुमारे ३१,००० मेगावॉटांचा भार इतक्या अल्प वेळात नाहीसा झाला आणि थोड्याच वेळाने पुन्हा परतला. जलविद्युत केंद्रांनी पंचवीस मिनिटांच्या आत आपले उत्पादन १७,००० मेगावॉटांहून अधिक घटविले व लगेच पुन्हा वाढविले. कोळशावर व वायूवर चालणाऱ्या केंद्रांनीही आपापला वाटा उचलला. कोठेही अंधार झाला नाही. जी यंत्रे त्या रात्री उपयोगी पडली ती सर्व तत्पूर्वीच बांधलेली, निगा राखलेली व हुकुमाची वाट पाहत उभी होती, हे या यशाचे खरे कारण होय.

जो प्रसंग त्या रात्री एकदाच आला, तोच आता उलट्या दिशेने रोज येतो. जानेवारी २०२५ च्या अखेरीस भारतातील सौर विद्युत्‌ केंद्रांची एकूण क्षमता १,००,००० मेगावॉटांच्या पुढे गेली. दुपारी ही केंद्रे विजेचा मोठा भाग पुरवितात आणि सायंकाळी, ज्या वेळी घरोघर दिवे, पंखे व शेगड्या सुरू होतात, त्याच वेळी ती एकामागून एक शांत होतात. मावळतीच्या त्या दोन-तीन तासांत होणारी घट एप्रिल २०२० मधील घटीहून मोठी असते आणि ती भरून काढण्यासाठी दुसरी यंत्रे सज्ज ठेवावी लागतात. या सज्जतेला खर्च पडतो. तो किती, तो कशामुळे पडतो आणि तो कोणी सोसावा, हे प्रश्न देशाच्या वीजव्यवस्थेपुढे आज उभे आहेत.

विजेचा तराजू

धान्य कोठारात साठविता येते, पाणी हौदात साठविता येते. पण तारांतून वाहणारी वीज तारांत साठवून ठेवता येत नाही. ज्या क्षणी ती खर्च होते त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते. एका पारड्यात निर्मिती आणि दुसऱ्या पारड्यात मागणी, असा हा तराजू आहे, आणि त्याचा काटा म्हणजे विद्युत्‌प्रवाहाची वारंवारता होय. भारतात ती सेकंदाला ५० आवर्तने इतकी ठरविलेली आहे. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की अवजड जनित्रांची गती किंचित मंदावते व वारंवारता घटते. मागणी कमी झाली की ती वाढते. ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात काटा ठेवावयाचा, असा दंडक आहे.

हा तोल सुटला म्हणजे काय होते याचा अनुभव देशाने ३० व ३१ जुलै २०१२ रोजी घेतला आहे. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य भारताचा वीजपुरवठा कोलमडला आणि सुमारे ६० कोटी लोकसंख्येचा प्रदेश त्यात सापडला. आगगाड्या मार्गात थांबल्या, खाणींत कामगार अडकले. त्या अपघाताचे मूळ अतिभारित पारेषण वाहिन्यांत होते; सौर अथवा पवन विजेचा त्याच्याशी संबंध नव्हता. तथापि तोल राखणे ही चैनीची बाब नाही, हा त्यातील बोध सर्व प्रकारच्या विजेला लागू पडतो.

सूर्याचा व वाऱ्याचा दिनक्रम

सूर्यप्रकाशाला मोल द्यावे लागत नाही. पण त्याचे वेळापत्रक माणसाच्या हाती नाही. एक मेगावॉट क्षमतेचे सौर केंद्र दिवसातून काही तासच काम करते. रात्र, सकाळ-सायंकाळची तिरपी किरणे व पावसाळी आभाळ यांचा हिशेब केला म्हणजे वर्षभरात ते आपल्या पूर्ण क्षमतेच्या साधारणतः पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकीच वीज देऊ शकते.

वाऱ्याची रीत निराळी आहे. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाशी, मुप्पंदलच्या परिसरात, सह्याद्रीच्या खिंडीतून येणारा वारा मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत जोराने वाहतो. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावरील पवनचक्क्याही पावसाळ्यातच अधिक फिरतात. म्हणजे आभाळ झाकलेले असता सूर्याची उणीव वारा काही अंशी भरून काढतो, हे निसर्गाचे साहाय्यच म्हटले पाहिजे. परंतु ऑक्टोबरनंतरच्या एखाद्या शांत सायंकाळी सूर्यही नसतो आणि वाराही नसतो. त्या सायंकाळीही रुग्णालयातील शस्त्रक्रिया थांबत नाही व पाणीपुरवठ्याचा पंप बंद ठेवता येत नाही.

विजेच्या व्यवहारात म्हणूनच दोन वस्तूंची विक्री होत असते. एक म्हणजे प्रत्यक्ष ऊर्जा, जी युनिटांत मोजली जाते. एक किलोवॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट वीज खर्च होते. दुसरी वस्तू म्हणजे मागाल त्या क्षणी वीज मिळेल ही हमी. सूर्य पहिली वस्तू अत्यंत स्वस्त देतो. दुसरी वस्तू तो एकटा देऊ शकत नाही.

एका युनिटाचे दोन भाव

मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील सौर केंद्रासाठी युनिटला २ रुपये ४४ पैसे दराची बोली आली, तेव्हा ती विक्रमी ठरली. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातमधील एका निविदेत हा दर २ रुपयांच्याही खाली, १ रुपया ९९ पैशांवर गेला. कोळशाच्या कोणत्याही नव्या केंद्राला इतक्या कमी दरात वीज देणे शक्य नाही. या आकड्यांवरून सौर वीज सर्वांत स्वस्त, असे विधान सर्वत्र केले जाते, आणि दुपारच्या युनिटापुरते ते खरेही आहे.

सायंकाळच्या युनिटाचा भाव जानेवारी २०२० मधील एका निविदेत स्पष्ट दिसून आला. भारतीय सौर ऊर्जा निगमाने त्या वेळी १,२०० मेगावॉटांसाठी अशी अट घातली की, नवीकरणीय विजेला साठवणीची जोड द्यावी आणि कमाल मागणीच्या तासांत ठरल्याप्रमाणे वीज पुरवावी. इतर वेळच्या विजेचा दर युनिटला २ रुपये ८८ पैसे असा ठरलेला होता. कमाल मागणीच्या तासांसाठी पाण्याच्या साठवणीवर आधारलेल्या प्रकल्पाने ६ रुपये १२ पैसे, तर बॅटरीवर आधारलेल्या प्रकल्पाने ६ रुपये ८५ पैसे दर मागितला. दोन्ही वेळांची सरासरी अनुक्रमे ४ रुपये ४ पैसे व ४ रुपये ३० पैसे अशी पडली. तोच सूर्य, तोच वारा. परंतु वेळेची हमी मागताच युनिटाचा भाव दुपटीहून अधिक झाला. या दोन भावांतील अंतर हेच सज्जतेचे मूल्य होय.

उभ्या यंत्राचा खर्च

साठवणीची साधने पुरेशी होईपर्यंत सायंकाळचा मोठा भार कोळशाच्या केंद्रांवरच राहतो. त्यांच्या विजेच्या दराचे दोन भाग असतात. इंधन आकार हा जळलेल्या कोळशाचा असतो. केंद्र थांबले की तो थांबतो. स्थिर आकार हा भांडवल, व्याज, वेतन व देखभाल यांचा असतो. केंद्र वीज देण्यास तयार असेल तर, वीज घेतली जावो वा न जावो, तो द्यावा लागतो.

एका साध्या उदाहरणाने याचा परिणाम ध्यानात येईल. समजा, एका केंद्राचा स्थिर खर्च मेगावॉटमागे वर्षाला दीड कोटी रुपये आहे. ते वर्षभर ८५ टक्के क्षमतेने चालले, तर एक मेगावॉटमागे सुमारे ७४ लाख ५० हजार युनिटे निघतात आणि प्रत्येक युनिटावर स्थिर खर्चाचे सुमारे २ रुपये पडतात. दुपारची वीज सूर्याकडून घेतल्यामुळे तेच केंद्र निम्मेच चालले, तर दीड कोटी रुपये निम्म्या युनिटांवर वाटले जातात व प्रत्येक युनिटावर ४ रुपये पडतात. कोळसा वाचला, धूर कमी झाला, हा लाभ निःसंशय आहे. तथापि उभ्या यंत्राचे व्याज वाचत नाही.

दुसरा खर्च यंत्राच्या झिजेचा आहे. कोळशाचा बॉयलर हा स्वयंपाकाच्या शेगडीसारखा क्षणात लहान-मोठा करता येत नाही. त्याच्या जाड नळ्या व टर्बाइनची पाती तापण्यास आणि निवण्यास वेळ घेतात; हे तापणे-निवणे रोज घडू लागले की धातूला थकवा येऊन चिरा पडतात. ज्वाला मंद ठेवावयाची तर ती विझू नये म्हणून तेल जाळावे लागते आणि मंद चालणारा संच प्रत्येक युनिटामागे अधिक कोळसा खातो. दुपारी सूर्याला वाट करून देण्यासाठी या संचांनी पूर्ण क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत उतरावे, असा नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये केला. जुन्या संचांत त्यासाठी बदल करणे भाग आहे, आणि तो खर्चही सज्जतेच्याच खात्यात जमा धरला पाहिजे.

डोंगरावर चढविलेले पाणी

वीज तारांत साठत नसली, तरी दुसऱ्या रूपात साठविता येते. त्यांतील सर्वांत जुनी व मोठी पद्धत म्हणजे उदंचन जलविद्युत होय. डोंगराच्या माथ्यावर एक जलाशय व पायथ्याशी दुसरा बांधतात. वीज मुबलक असताना खालचे पाणी वर चढवितात आणि टंचाईच्या वेळी तेच पाणी खाली सोडून त्यावर जनित्र फिरवितात.

हिशेब सोपा आहे. एक टन पाणी ४०० मीटर उंचीवरून खाली आले म्हणजे त्यात एका युनिटाहून किंचित अधिक ऊर्जा असते. एखाद्या कुटुंबाच्या सायंकाळच्या वापरासाठी तीन-चार युनिटे लागत असतील, तर त्या एका घरासाठी चार टन पाणी डोंगरावर तयार ठेवावे लागेल. एका शहराच्या गरजेला किती मोठे जलाशय लागतात, याची कल्पना यावरून करता येईल. शिवाय चढउतारात काही ऊर्जा वाया जाते. शंभर युनिटे खर्चून पाणी चढविले तर पंचाहत्तर ते ऐंशी युनिटे परत मिळतात.

महाराष्ट्रात अकोले तालुक्यातील घाटघर येथे अशा प्रकारचा २५० मेगावॉटांचा प्रकल्प आहे. पश्चिम बंगालमध्ये पुरुलियाच्या अयोध्या डोंगरात ९०० मेगावॉटांचा, तर तमिळनाडूत कदंबराई येथे ४०० मेगावॉटांचा प्रकल्प आहे. उत्तराखंडातील टिहरी येथील १,००० मेगावॉटांच्या प्रकल्पाचे संच २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाले. असे प्रकल्प पुष्कळ वर्षे टिकतात, परंतु ते बांधावयासही अनेक वर्षे लागतात. त्यांना योग्य डोंगर हवा, पाणी हवे आणि जमीन हवी. ती जमीन पुष्कळदा वनाची किंवा गिरिजनांच्या वस्तीची असते. तो त्यागही खर्चाच्या यादीत मांडावयास हवा, जरी तो रुपयांत सहज मोजता येत नाही.

बॅटरीचा बदलता हिशेब

बॅटरीला डोंगर लागत नाही. ती वर्षभरात उभी करता येते आणि क्षणार्धात कामास लागते. तिची अडचण किंमत ही होती, आणि ती अडचण वेगाने कमी होत आहे. २०२२ मध्ये झालेल्या मोठ्या निविदेत दोन तास वीज देऊ शकणाऱ्या बॅटरीसाठी मेगावॉटमागे दरमहा १० लाख ८३ हजार रुपये भाडे ठरले. अशी बॅटरी दिवसातून एकदा पूर्ण वापरली, तर महिन्याला ६०,००० युनिटे मिळतात. म्हणजे नुसत्या साठवणीचाच खर्च युनिटामागे सुमारे १८ रुपये झाला. २०२४ च्या अखेरीस भाड्याचा आकडा सव्वादोन लाखांच्या आसपास आला. त्याच पद्धतीने हिशेब केला तर साठवणीचा खर्च युनिटामागे पावणेचार रुपये होतो, आणि बॅटरी दिवसातून दोनदा वापरता आली तर तो याच्याही निम्मा होतो.

या घसरणीत शासकीय अनुदानाचाही काही वाटा होता. अनुदानाने खर्च नाहीसा होत नाही. तो वीजबिलातून निघून करदात्याकडे जातो. तरीही बॅटऱ्या खरोखरच स्वस्त झाल्या आहेत, यात शंका नाही. दुपारचे युनिट सायंकाळपर्यंत नेणे हे काम त्या चांगले करू शकतात. पावसाळ्यातील सलग ढगाळ आठवडा निभावणे हे काम मात्र निराळे आहे. वर्षातून थोड्याच वेळा लागणारी बॅटरी म्हणजे उभ्या कोळसा-केंद्राप्रमाणेच न वापरलेले भांडवल होय. त्यामुळे दीर्घ उणिवेसाठी धरणांतील पाणी आणि औष्णिक केंद्रे यांचा आधार पुढेही काही काळ लागेल.

साठवण न करता साधणारी बचत

सज्जतेचा खर्च कमी करण्याचे दोन मार्ग असे आहेत की, ज्यांत विजेची साठवण मुळीच करावी लागत नाही. पहिला मार्ग जाळे विस्तारण्याचा होय. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी जोडले गेले. तेव्हापासून संपूर्ण देश एकाच वारंवारतेवर चालतो. राजस्थानात ऊन असता बंगालमध्ये ढग असू शकतात. तमिळनाडूत वारा पडला तरी गुजरातेत तो वाहत असू शकतो. प्रदेश जितका विस्तीर्ण तितका एकाचा तुटवडा दुसऱ्याच्या विपुलतेने भरून निघण्याचा संभव अधिक. यासाठी लांब पल्ल्याच्या वाहिन्या बांधाव्या लागतात व त्यांचाही खर्च असतो, परंतु प्रत्येक राज्याने स्वतःपुरती राखीव यंत्रे ठेवण्यापेक्षा तो पुष्कळदा कमी पडतो.

दुसरा मार्ग काम विजेच्या वेळेकडे नेण्याचा होय. शेतीचे पंप हे याचे उत्तम उदाहरण आहे. पिकाला पाणी दुपारी मिळाले काय आणि रात्री मिळाले काय, पंपाच्या विजेच्या दृष्टीने फरक पडत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र मोठा पडतो. वर्षानुवर्षे त्याला रात्री वीज मिळत असे आणि साप-विंचवाच्या भीतीत, कडाक्याच्या थंडीत बांधावर जावे लागे. महाराष्ट्रातील मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसारख्या योजनांतून शेतीचा भार दिवसा सौर विजेवर आणला जात आहे. येथे स्वस्त वीज व माणसाची सोय एकाच दिशेला आहेत. केंद्र सरकारने २०२३ मध्ये नियमांत केलेली दुरुस्तीही याच विचाराची आहे: सूर्याच्या तासांत वीज स्वस्त आणि कमाल मागणीच्या तासांत महाग. गिरणी, शीतगृह किंवा पाणीपुरवठा केंद्र आपले काम दुपारी उरकू शकते. ज्या मजुराच्या घरी सारी माणसे संध्याकाळीच जमतात, त्याला मात्र ही मुभा नसते. दर ठरविताना याचा विसर पडल्यास सज्जतेचा भार ज्याला तो टाळता येत नाही त्याच्यावरच अधिक पडेल.

बिल कोणाच्या नावे

विजेच्या खरेदीचे करार बहुधा पंचवीस वर्षांचे असतात. आज एखाद्या राज्याच्या वितरण कंपनीने केवळ दुपारच्या युनिटाचा भाव पाहून करार केला व सायंकाळचा विचार केला नाही, तर उणीव भरून काढण्यासाठी तिला ऐनवेळी महाग वीज घ्यावी लागेल किंवा भारनियमन करावे लागेल. पहिल्या प्रसंगी खर्च सर्व ग्राहकांच्या बिलात जातो. दुसऱ्या प्रसंगी तो ज्यांच्याकडे स्वतःचे डिझेल जनित्र नाही त्यांना अंधाराच्या रूपाने सोसावा लागतो. उलटपक्षी, सज्जता महाग पडते म्हणून सूर्याकडेच पाठ फिरविली, तर कोळशाच्या धुराने बिघडणारी हवा व तापमानवाढ यांचा खर्च राहतोच. तो कोणत्याही वीजबिलावर छापला जात नाही, इतकेच. दोन्ही खर्च एकाच कागदावर मांडल्यावाचून योग्य निवड होऊ शकत नाही.

असा हिशेब या देशाला नवा नाही. १९१५ मध्ये सह्याद्रीच्या पायथ्याशी खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज मिळू लागली. पाऊस हीदेखील निसर्गाची लहरी देणगीच आहे. घाटमाथ्यावर तो चार महिने कोसळतो आणि गिरण्यांना वीज बारा महिने लागते. म्हणून त्या योजनेच्या कर्त्यांनी घाटाखाली जनित्रे बसविली, तसेच लोणावळा, वळवण व शिरवटे येथे तलावही बांधले. पावसाचे पाणी फुकट होते. तलाव फुकट नव्हते. तलावांचा खर्च विजेच्या खर्चातच धरला गेला होता आणि तो धरूनही ती योजना हितावह ठरली. खोपोलीचे केंद्र शंभराहून अधिक वर्षे वीज देत आले आहे.

३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २,५०,००० मेगावॉटांवर पोहोचली. ती पुढेही वाढतच जाणार आहे. तिचा मोठा हिस्सा सूर्य व वारा यांच्याकडून घ्यावयाचा असेल, तर सौर पटले व पवनचक्क्या यांच्याबरोबरच जलाशय, बॅटऱ्या, वाहिन्या आणि हुकुमाची वाट पाहणारी यंत्रे यांच्यासाठीही पैसा आताच बाजूला काढावा लागेल. यापुढे एखाद्या नव्या सौर केंद्राच्या स्वस्त दराची वार्ता वाचनात आली, तर ती वीज दिवसाच्या कोणत्या तासाची आहे आणि उरलेल्या तासांसाठी काय योजना केली आहे, हे दोन प्रश्न वाचकाने अवश्य विचारावेत.